ऑरिन पुन्हा रांगेत उभा राहिला

ऑरिन ट्वेटला रांग दिसली की तो तिच्यात जाऊन उभा राहायचा. कशाची रांग आहे हे नंतर विचारायचा. एकदा तो शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये कुणा अनोळखी बाईच्या अंत्यविधीला असाच रांगेत शिरला, तिच्या मुलांशी हात मिळवले, दोन शब्द सांत्वनाचे बोलला आणि तळघरात कॉफी पिऊन घरी आला. "सैन्यात हेच तर शिकवलं," तो म्हणायचा. "रांग असली की उभं राहायचं. पुढे जेवण असतं, पगार असतो, नाहीतर सुई. काहीतरी मिळतंच."

मी लव्हॉन. म्हाताऱ्या सैनिकांना दर मंगळवारी मोठ्या गावातल्या सरकारी दवाखान्यात नेणारी पांढरी गाडी मी चालवते. खरं तर ती माझा नवरा ड्वाइट चालवायचा. तो गेला आणि गाडीच्या किल्ल्या आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत राहिल्या. त्या न्यायला कुणी येईना, तेव्हा एका मंगळवारी मीच उचलल्या. ऐकायला थोर वाटतं, पण त्यात थोर काही नाही. पाठ दुखते, नॉर्थ डकोटाचा वारा गाडीला आडवा ढकलत असतो, आणि मागे बसलेले दोघेतिघे सबंध रस्ताभर आपापल्या मूत्राशयाबद्दल बोलत असतात.

ऑरिन मात्र पुढे माझ्या शेजारी बसायचा. तो मुळात ट्रकवाला. एकोणिसाव्या वर्षी सक्तीच्या भरतीत उचलला गेला आणि व्हिएतनाममध्ये वर्षभर सामानाचे ट्रक चालवून परत आला. तिथलं तो फारसं बोलायचा नाही. बोललाच तर रस्त्याबद्दल बोलायचा, तिथली लाल माती पावसात कशी व्हायची वगैरे. परत आल्यावर गावच्या धान्याच्या कोठारात लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मार्लिसशी लग्न केलं. एक मुलगी झाली, करीन. ती दूर बिस्मार्क शहरात असते, दातांच्या दवाखान्यात काम करते, आणि बापाला रोज फोन करून "काय जेवलात?" असं विचारते. तो रोज "हॉटडिश" म्हणून सांगतो, म्हणजे मांस-बटाटे एकत्र घालून भट्टीत भाजलेलं आमच्याकडचं रोजचं जेवण. खरंखोटं देव जाणे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी ऑरिनला आणि ड्युएनला फ्लूच्या लसीसाठी नेलं. ड्युएन नौदलातला, ऑरिन भूदलातला. साहजिकच त्या दोघांचं जन्मात पटलं नव्हतं आणि एकमेकांशिवाय चैनही पडत नव्हतं.

"दंड पुसून ठेव रे," ड्युएन मागून म्हणाला. "सैन्यातली पोरं सुई बघून चक्कर येऊन पडायची, आम्ही ऐकलंय."

"तुम्हाला कसली चक्कर येणार? तुम्ही आधीच डुलत होतात," ऑरिन म्हणाला.

मग त्याने ती जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. भरतीच्या वेळी दोन्ही बाजूंनी दोघे जण हवेची बंदूक घेऊन उभे असत आणि पोरं मधून चालत जात. दोन्ही दंडांत एकदम लस. जागचा हललास तर कातडी फाटायची. एवढं सोसून झाल्यावर ऑरिनचं लसीचं पिवळं कार्ड कारकुनाने हरवलं. तेव्हा त्याला पुन्हा रांगेच्या शेपटाला पाठवलं आणि सगळ्या लसी नव्याने टोचल्या.

"तू सांगितलं नाहीस, की एकदा टोचलंय म्हणून?" मी विचारलं.

"कुणाला सांगू? तिथे कुणी विचारत नव्हतं. दोन दिवस चमचा उचलता येईना."

दवाखान्यात लसीची रांग लांबच लांब, नोंदणीच्या खिडकीपर्यंत गेलेली. सगळे टोप्या घातलेले, टोपीवर आपापल्या तुकडीचं नाहीतर जहाजाचं नाव. पुढे सरकायचं, आडनाव सांगायचं, ओळख क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सांगायचे, बाही वर करायची. ऑरिनच्या शर्टाला टिचबटणं होती, त्याने ती एका झटक्यात उघडली.

"सर, उजवा दंड की डावा?" नर्सने विचारलं. पोरगी नवी होती.

"सर म्हणू नकोस, बाई. मी अधिकारी नव्हतो. मला काम करावं लागायचं."

हा विनोद त्या रांगेत सकाळपासून किती जणांनी केला असेल कुणास ठाऊक. पण पोरगी हसली. मला ती आवडली.

ऑरिन लस चुकवत नसे, त्याला कारण होतं. मार्लिस. तिला आधी पक्षाघाताचा झटका आला, मग तिची स्मृती गेली, आणि दोन हिवाळ्यांपासून ती तालुक्याच्या गावातल्या वृद्धाश्रमात होती. मागच्या भागात, जिथलं दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही तिथे. त्या बाईने आमच्या गावातल्या सगळ्या पोरांना जेवू घातलं. माझ्या दोघांना गाजर खायला मी लावू शकले नाही, तिने लावलं. आणि आता ती स्वतः खात नव्हती. तिथल्या कामाच्या मुलींनी चमचा पुढे केला की दात घट्ट मिटायची. ऑरिनने केला की तोंड उघडायची. त्याला ओळखायची की नाही ते सांगता येत नाही. तो रोज संध्याकाळी पाचाच्या आत आपली गाडी काढून वीस-पंचवीस मैल जायचा, तिला भरवायचा, आणि परत यायचा. बर्फ असो, वारा असो.

आदल्या वर्षी त्या वृद्धाश्रमात फ्लू शिरला होता आणि बरीच माणसं गेली. तेव्हापासून त्यांनी नियम कडक केला. नोव्हेंबरपासून वसंत येईपर्यंत, लस घेतली नसेल त्याला दारातूनच परत. दारावर ग्लेंडा नावाची बाई बसते, ती प्रत्येकाला विचारते आणि खोटं बोलणाऱ्याला नुसत्या नजरेने ओळखते. तेव्हा ऑरिनच्या लेखी लस म्हणजे मार्लिसचं जेवण होतं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आमच्या गावच्या अग्निशामक बंबाच्या शेडमध्ये लसीचा दिवस होता. मी सैनिक नाही, सैनिकाची विधवा आहे, त्यामुळे मला तिथेच घ्यावी लागते. बंब बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. मी रांगेत शिरते तर पलीकडच्या टोकाने ऑरिन दंडावर कापूस दाबून येतोय.

"अरे, तू इथे काय करतोयस? तुझी झाली ना?"

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "रांग दिसली," म्हणाला. "राहिलो उभा."

मी इतकी हसले की मागच्या बायका विचारू लागल्या काय झालं म्हणून. मी सांगितलं, त्याही हसल्या. मुख्य नर्सही म्हणाली की दोनदा घेतल्याने फार काही होत नाही, दंड दुखेल, पण पुन्हा असं करू नका. दुसऱ्या दिवशी ड्युएनला कळलं. तो म्हणाला, "सैन्यातला आहे, त्याला एकदा टोचून कळत नाही." आठवडाभर गावात तेवढाच विषय होता. ऑरिनही सगळ्यांबरोबर हसत होता.

त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याला कानाच्या यंत्रासाठी दवाखान्यात जायचं होतं. ड्युएनचं काहीतरी डोळ्यांचं. मी त्यांना दारात सोडून गाडी लावून आत आले. लसीची रांग अजून चालूच होती, आता छोटी झालेली. आणि ऑरिन त्या रांगेत उभा. टिचबटणं उघडी, बाही वर.

या वेळी मला हसू आलं नाही. मी जाऊन त्याचं कोपर धरलं. "कान या बाजूला आहेत, ऑरिन."

"माहितेय. आधी हे उरकून घेतो."

"काय उरकतोस?"

पुढचा माणूस सरकला तसा तोही एक पाऊल सरकला. मी कोपर सोडलं नाही. मी त्याला ओढलंच म्हणा ना, आणि खिडकीखालच्या बाकावर बसवलं. समोर एक म्हातारा बसल्या बसल्या झोपला होता. ऑरिन एकेक बटण लावू लागला. त्याला वेळ लागत होता.

"माझी झालीय का, लव्हॉन?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"दोनदा झालीय."

"दोनदा." त्याने मान हलवली. "मला वाटलंच होतं, निदान एकदा झाली असेल. पण खात्री होईना."

"मग विचारायचंस ना मला."

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं."

मला पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला नाही. मग लागला. बंबाच्या शेडमध्येही त्याला आठवत नव्हतं. तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला होता तो विनोद सुचेपर्यंत. सगळ्या गावाने हसून त्याचं काम सोपं केलं होतं, आणि सर्वात मोठ्याने मी हसले होते.

"लस घेतलीच नसेल तर ग्लेंडा आत सोडणार नाही," तो म्हणाला. "आणि घेतली असेल तर काय, दंड दुखेल. म्हणून म्हटलं घेऊन टाकू. रांगेत कुणी फारसं विचारत नाही. पोरगी विचारते यंदा घेतली का, मी नाही म्हणतो, संपलं."

"कधीपासून चाललंय हे?"

"उन्हाळ्यापासून. कदाचित आधीपासून. ते मी कसं सांगणार?" तो थोडा हसला. "परवा मार्लिसकडून येताना बापाच्या शेतावर जाऊन पोचलो. ते विकून चाळीस वर्षं झाली. तिथे कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता आणि मी गाडीत बसून विचार करतोय की आपला कुत्रा असा का भुंकतोय."

मी त्याचं राहिलेलं बटण लावून दिलं.

"फार दमायला होतं," तो म्हणाला. "विसरण्याने नाही. लपवण्याने. प्रत्येक माणसाशी बोलताना आधी वाट बघायची, तो काय म्हणतोय त्यावरून आपण काल काय केलं ते ओळखायचं. कोठारात दिवसभर पोती ओढली तेव्हाही मी एवढा दमलो नाही. करीनला सांगणार आहेस?"

"आज नाही," मी म्हटलं.

त्या दिवशी परतताना ड्युएन डोळ्यांत औषध घालून मागे गप्प पडला होता. मी ऑरिनला त्याच्या घरी सोडलंच नाही. ड्युएनला उतरवलं, गाडी बदलली, आणि माझ्या गाडीतून त्याला तडक मार्लिसकडे नेलं. बटाटे आणि चिकनचं मऊ कालवण होतं. तो चमचा भरायचा, त्याच्या कडा ताटलीला पुसायचा, थांबायचा, आणि मार्लिस तोंड उघडायची. त्यात तो एकदाही चुकला नाही. मी बघत बसले आणि मला त्याचा राग आला, तिचा आला, माझ्या मेलेल्या नवऱ्याचाही आला. हे सगळं माझ्याच पदरात का, असं वाटलं.

बाहेर आल्यावर मी हात पुढे केला. "तुझ्या गाडीच्या किल्ल्या दे."

"आणि तिला कोण भरवणार?"

"मी आणत जाईन तुला."

"रोज? जानेवारीत?"

मी सत्तरीला टेकलेय. जानेवारीत त्या रस्त्यावर समोरचं काही दिसत नाही, उणे तीस असतं, आणि मला अंधारात दिसेनासं झालंय. हो म्हणणं सोपं होतं, पण त्याच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना. त्याने माझा चेहरा बघितला आणि मला सोडवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "चार दिवस दे. मी बघतो."

"चार दिवस गाडी चालवायची नाही."

"नाही चालवत." आणि त्याने किल्ल्या दिल्या. ते चार दिवस मी त्याला नेलं-आणलं.

रविवारी करीन आली. त्याने स्वतःच तिला फोन करून सांगितलं होतं. ती त्याच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. मला बघून म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"आठवडाही झाला नाही," मी म्हटलं.

"बाबा माझ्याकडे येतील. मी वरची खोली रिकामी करते."

"तुझी वरची खोली बिस्मार्कला आहे," ऑरिन म्हणाला. "तुझी आई इथे आहे. माझं ठरलंय. मी आश्रमात फोन केला होता. त्यांच्याकडे एक जागा आहे."

"पुढच्या भागात?"

"पुढे नाही. मागच्या भागात."

करीन खुर्चीत बसली. "बाबा, तो भाग कुलूपबंद असतो. तिथली माणसं... तुम्ही अजून तसे नाही आहात. तुम्ही अजून गाडी चालवता, टाकी भरता, विनोद करता. तिथलं दार आतून उघडत नाही."

"आत तुझी आई आहे. मला बाहेर जायचंय कुठे?"

"अजून दोन वर्षं तुम्ही इथे आरामात राहू शकाल. कुणीतरी बाई ठेवू घरी."

"आणि तोवर ती कुणाच्या हातचं खाईल?" त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो असं कधी करत नसे, निदान आमच्यासमोर तरी. "उशिरा गेलो तर मी तिच्या शेजारी बसेन आणि मला कळणार नाही की चमचा कशासाठी दिलाय. आत्ता गेलो तर तिला काही दिवस मिळतील. हिशेब सरळ आहे, पोरी."

तो हिशेब सरळ नव्हता. शहाणा माणूस, आपल्या पायाने, कुलुपाच्या आत. मला तो पटला नाही, आजही पुरता पटत नाही. पण त्याच्याकडे दुसरा नव्हता आणि आमच्याकडेही नव्हता.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्याला सोडायला गेलो. एक सुटकेस, रेझर, टिचबटणांचे शर्ट. ड्युएनही आला, सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होता. आश्रमाच्या दाराशी त्याने ऑरिनशी हात मिळवला आणि म्हणाला, "जेवण वाईट असलं तर सांग, नौदल बोलवून घेऊ." मग तो गाडीत जाऊन बसला, आत आलाच नाही.

आत एका खोलीत दाखल करून घेणारी नर्स प्रश्न विचारत होती. दात खरे की खोटे, काही पदार्थ चालत नाही का, रात्री कितीदा उठता. ऑरिन एकेका प्रश्नाला काहीतरी टोला लगावत होता. दातांवर म्हणाला, "मुलीलाच विचारा, तिने त्यांवर घर बांधलंय." नर्स हसत होती, करीनही ओढून ताणून हसली. मी त्याच्याकडे बघत होते. आता मला कळत होतं की प्रत्येक उत्तराआधी तो किंचित थांबतोय.

"आणि यंदाची फ्लूची लस?" नर्सने विचारलं. "घेतलीय?"

तो थांबला. मी वाट बघत राहिले, आता रांगेचा काहीतरी विनोद येईल म्हणून. ऑरिनने दंडावर हात ठेवला, जणू तिथे काही सापडेल. मग हात खाली घेतला.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

करीनने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी त्या माणसाला अर्धं आयुष्य ओळखते, पण त्या वाक्यानंतर त्याचे खांदे जसे खाली आले तसे कधी पाहिले नव्हते. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या वतीने सुटल्यासारखंही वाटलं.

"लव्हॉनला विचारा," तो म्हणाला. "आता तिच्या लक्षात असलं की झालं. पाच वाजत आले का हो? बायकोला भरवायचंय."